एककाच्या उजवीकडे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची एक सवय त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. उत्तर बरोबर असले तरी पुढे एकक लिहिलेले नसेल तर गुरुजी पूर्ण गुण देत नसत. ‘साडेबारा काय? लिटर की लुगडी?’ असे विचारून वही परत करत. मी आज दशांश अपूर्णांक आणि ते लिहिण्याच्या निरनिराळ्या रीती यांवर बोलणार आहे. विषय गणिताचा वाटेल, पण माझे म्हणणे गुरुजींच्या प्रश्नाच्या बाजूचे आहे. दशांश अपूर्णांकाचा इतिहास हा आकड्यांपेक्षा एककांचा इतिहास आहे. नाण्यांचा, वजनांचा, जमिनीच्या मापांचा. ठिपका द्यायचा की स्वल्पविराम, हा वाद त्यामानाने किरकोळ. तरी त्यात गंमत भरपूर आहे, म्हणून तिथेही थोडा वेळ घालवू.

शून्य आणि स्थानमूल्य यांचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. शून्याशी बेरीज-वजाबाकी-गुणाकार कसे करायचे याचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये लिहून ठेवले. एकं, दहं, शतं करत परार्धापर्यंतची घरे आपल्याकडे फार पूर्वीपासून मोजली जात. पण ही सगळी घरे एककाच्या डावीकडची. डावीकडे सरकले की दहापट होते, तर उजवीकडे सरकले की दहावा भाग व्हायला हवा, हे आज प्राथमिक शाळेतल्या पोरालाही पटते. मग ज्यांनी डावीकडे इतकी मजल मारली त्यांनी उजवीकडे पाऊल का टाकले नाही?

त्यांना त्या अचूकतेची गरज नव्हती असे म्हणता येत नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये सांगितले की २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ च्या जवळ असतो. भागून पाहा, ३.१४१६ येते. चार दशांश स्थळांपर्यंत बरोबर असलेले मूल्य हाती होते, आणि ते सांगण्यासाठी त्याने काय केले, तर व्यासच वीस हजारांचा घेतला. अपूर्णांक लिहायला नको म्हणून वर्तुळ मोठे केले.

भास्कराचार्यांचे उदाहरण याहून बोलके आहे.  ते शब्दांत सांगतो. ‘लीलावती’ साधारण ११५० सालची. तिच्यात एका काटकोन त्रिकोणाच्या काटकोन करणाऱ्या दोन्ही बाजू सव्वातीन-सव्वातीन दिल्या आहेत आणि कर्ण विचारला आहे. सव्वातीन म्हणजे तेरा चतुर्थांश. दोन्ही वर्गांची बेरीज केली की १६९ छेद ८ येतात, आणि याचे वर्गमूळ नेमके निघत नाही. आचार्य सांगतात, अंश आणि छेद यांचा गुणाकार करा: १३५२. त्याला एखाद्या मोठ्या वर्गसंख्येने गुणा. इथे १०,००० घेतले की १,३५,२०,००० झाले. त्याचे जवळचे वर्गमूळ ३६७७. आता १०,००० चे मूळ १०० आणि मूळचा छेद ८, त्यांचा गुणाकार ८००, त्याने भागा. उत्तर ४ पूर्णांक ४७७ छेद ८००.

कॅल्क्युलेटर सांगतो ४.५९६१९. भास्कराचार्यांचे उत्तर दशांशात मांडले तर ४.५९६२५. इतके जवळ! आणि दहा हजारांनी गुणून शेवटी शंभराने भागणे म्हणजे तरी काय? वर्गमूळ काढताना पुढे शून्यांच्या जोड्या वाढवून आपण शाळेत जे करत होतो, तेच. विचार पूर्ण झाला होता. ठिपका मात्र दिला गेला नाही. उत्तर आठशेव्या भागात लिहून आचार्य पुढच्या उदाहरणाकडे वळले.

याचे कारण त्याच पुस्तकाच्या पहिल्या पानांत आहे असे मला वाटते. ‘लीलावती’ शून्याने किंवा बेरजेने सुरू होत नाही, कोष्टकांनी सुरू होते. वीस वराटकांची, म्हणजे कवड्यांची, एक काकिणी. चार काकिणींचा पण. सोळा पणांचा द्रम्म. सोळा द्रम्मांचा निष्क. लांबीचे तसेच: आठ यवांचे अंगुळ, चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा कोस. ज्या बाजारात नाणे वीस, चार, सोळा, सोळा असे मोडते तिथे दहाव्या भागाला गिऱ्हाईक नाही. द्रम्माचा दहावा भाग कुणाला देता येत नाही. सोळावा देता येतो, कारण तो हातात धरता येतो. आणि आकाश मोजणाऱ्यांची सोय वेगळी होती. त्यांच्याकडे अंश, कला, विकला होत्या. घटी आणि पळे होती. म्हणजे एककाच्या उजवीकडे घरे होतीच, पण ती साठाची. आपल्या पूर्वजांचे काही हुकले असे म्हणणारे लोक भेटतात. त्यांचे काही हुकले नव्हते; त्यांच्या हिशेबाला जे लागत होते ते त्यांच्यापाशी होते.

उजवीकडचे दहाचे घर पहिल्यांदा ठळकपणे दिसते ते दमास्कसमध्ये. तिथे इ. स. ९५२-५३ च्या सुमारास अल-उक्लिदिसी नावाच्या माणसाने हिंदी हिशेबावर, म्हणजे हिंदुस्थानातून आलेल्या हिशेबाच्या रीतीवर, अरबी पुस्तक लिहिले. त्याचे नाव सांगते त्याप्रमाणे यूक्लिडच्या ग्रंथाच्या नकला करून विकणे हा त्याचा व्यवसाय असावा. तोवर हा हिशेब धूळपाटीवर, आकडे पुसत-पुसत करत. याने तो कागदावर शाईने करून दाखवला. त्यात एके ठिकाणी तो १९ ही संख्या घेतो आणि निम्मी करत जातो. साडेनऊ. मग पावणेपाच. मग पुढे २.३७५, मग १.१८७५, आणि पाचव्या वेळी ०.५९३७५. एककाच्या डोक्यावर तो एक बारीक खूण करतो, इतकेच.

त्याने निम्मे करणे निवडले हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पाव, निम्मे, पाऊण ही बाजाराची रोजची कामे. दहाचे निम्मे पाच, म्हणून कुठल्याही संख्येचे निम्मे दशांश घरांत नेमके बसते. तिसरा भाग करून पाहा, शेपूट संपतच नाही. दशांश अपूर्णांक जन्मला तो दहाने भागताना नाही, दोनाने भागताना.

पुढे समरकंदमध्ये अल-काशीने १४२४ साली परीघ आणि त्रिज्या यांचे गुणोत्तर सोळा दशांश स्थळांपर्यंत काढले. आधी त्याने ते साठाच्या घरांत काढले होते, मग दहाच्या घरांत उतरवले. त्याच्या १४२७ च्या ‘मिफ्ताह अल-हिसाब’ या पुस्तकात दशांश अपूर्णांक पद्धतशीर शिकवलेले आहेत. युरोपात त्याच सुमारास, १४४० च्या दशकात, व्हेनिसचा व्यापारी आणि पुढे फेराराच्या दरबारी असलेला जोव्हानी बियान्कीनी आपल्या खगोलकोष्टकांत चक्क ठिपका वापरत होता. ही गोष्ट इतिहासकारांच्या ध्यानात आली ती अगदी अलीकडे, २०२४ मध्ये. खगोलाचे कोष्टक करणारा हा माणूस मुळात व्यापारी होता, हे लक्षात ठेवा.

पण दशांशाचा खरा प्रचारक म्हणजे सिमोन स्टेव्हिन. जन्म ब्रूझचा, पेशाने अभियंता आणि हिशेबनीस. १५८५ मध्ये त्याने लायडनहून ‘दे तिंदे’, म्हणजे ‘दहावा भाग’, ही छोटीशी पुस्तिका काढली. ती त्याने लॅटिनमध्ये नव्हे, डच भाषेत लिहिली. शास्त्राला डचइतकी चांगली भाषा नाही असे त्याचे ठाम मत होते. पुस्तिका कोणासाठी, हे त्याने पहिल्याच पानावर सांगितले आहे: आकाशाचे वेध घेणारे, जमीन मोजणारे, कापड मोजणारे, दारूची पिंपे मापणारे, टांकसाळीचे अधिकारी आणि व्यापारी. यादीत प्राध्यापक नाहीत.

त्याची लिहिण्याची रीत आज विचित्र वाटते. २७.८४७ लिहायचे तर तो २७ पुढे वर्तुळात शून्य लिहितो, मग ८ पुढे वर्तुळात एक, ४ पुढे वर्तुळात दोन, ७ पुढे वर्तुळात तीन. आपल्याला वाटते, इतका खटाटोप कशाला? पण त्याच्या डोळ्यांसमोर रुपये-आणे-पैसे असावेत तशी नावे होती. प्रत्येक घराला त्याने ‘पहिला’, ‘दुसरा’, ‘तिसरा’ अशी नावे दिली, जणू ती लहान-लहान नाणीच. पुस्तिकेच्या शेवटी त्याने सरकारांना उद्देशून लिहिले आहे की वजने, मापे आणि नाणी दहाच्या पटीत करा. लिखाणाची रीत कितीही सोपी केली तरी जोवर फूट बारा इंचांचा आहे तोवर उपयोग अर्धाच, हे या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ते व्हायला दोन शतके गेली. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर ७ एप्रिल १७९५ रोजी मीटर-ग्रॅमचा कायदा झाला. अमेरिकेने १७९२ मध्ये डॉलरचे शंभर सेंट केले आणि त्याच अमेरिकेचा न्यूयॉर्क शेअरबाजार २००१ पर्यंत भाव अष्टमांशात आणि षोडशांशात बोलत राहिला! सोळावा भाग म्हणजे आपला आणाच की.

आता ठिपका आणि स्वल्पविराम. लॉगॅरिदम काढणारा स्कॉटलंडचा जॉन नेपियर याने १६१७ च्या पुस्तकात दोन्ही चालतील असे लिहून ठेवले, आणि जगाने त्याचे म्हणणे शब्दशः पाळले. १६९८ मध्ये लाइब्निट्सने योहान बर्नुलीला पत्र लिहिले की गुणाकाराची फुली मला आवडत नाही, ती एक्स या अक्षरासारखी दिसते. गुणाकाराला ठिपकाच पुरे. युरोपच्या मुख्य भूमीवर ठिपका असा गुणाकाराच्या कामाला लागला आणि दशांशासाठी स्वल्पविराम रुळला. इंग्रजांनी फुली ठेवली आणि ठिपका दशांशाला दिला. तोही ओळीच्या तळाशी नव्हे, मध्यावर. ‘लॅन्सेट’ हे लंडनचे वैद्यकीय नियतकालिक आजही तो मध्यावरच छापते.

पुढे ही रीत जहाजांतून गेली. मलेशियात ठिपका आणि शेजारच्या इंडोनेशियात स्वल्पविराम, कारण एकीकडे इंग्रज होते, दुसरीकडे डच. व्हिएतनाममध्ये फ्रेंचांचा स्वल्पविराम. ब्राझीलमध्ये पोर्तुगिजांचा. आपल्याकडे अर्थातच इंग्रजांचा ठिपका. मेक्सिकोची भाषा स्पॅनिश, पण दशांश ठिपक्याचा, शेजार अमेरिकेचा आहे म्हणून. स्वित्झर्लंडमध्ये हजार तोडायला वर अपॉस्ट्रॉफी देतात. इतरत्र स्वल्पविराम वापरणारा स्विस माणूससुद्धा फ्रँकचा हिशेब लिहिताना ठिपक्यावर येतो. गोव्यात १९५८ मध्ये रुपियाच्या जागी एस्कुदो आले, शंभर सेंतावांचे. पोर्तुगीज रिवाजात साडेदहा एस्कुदो लिहिताना ठिपकाही नसे आणि स्वल्पविरामही नसे. दहा आणि पन्नास यांच्या मधोमध डॉलरसारखे चिन्ह. चलनाचे चिन्ह हेच दशांश चिन्ह! मला स्वतःला हे सगळ्यांत प्रामाणिक वाटते. मोठे एकक कुठे संपले आणि ते कशाचे होते, दोन्ही एका खुणेत.

अरबीची अडचण आणखी वेगळी. पूर्वेकडच्या अरबी देशांत जे आकडे वापरतात त्यांत शून्यच मुळी ठिपक्यासारखे असते. दशांशालाही ठिपका दिला तर अडीचाचे दोनशे पाच व्हायचे. म्हणून तिथे स्वल्पविरामासारखी तिरकी रेघ. लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण आकड्याचे मोठे घर डावीकडेच असते, त्यामुळे अपूर्णांकाचा भाग तिथेही उजवीकडेच येतो.

या भांडणाचा निकाल लावायला वजने-मापांची आंतरराष्ट्रीय परिषद २००३ मध्ये पॅरिसला बसली. निकाल असा: दशांश चिन्ह ओळीवरचा ठिपका किंवा ओळीवरचा स्वल्पविराम, दोन्हींपैकी कोणतेही. हजाराचे गट पाडायचे तर मधे नुसती मोकळी जागा सोडा, ठिपका नको आणि स्वल्पविरामही नको. हा भाग १९४८ पासूनच ठरलेला होता. नेपियरने मोकळे सोडलेले परिषदेनेही मोकळेच सोडले. शास्त्रीय लेखनात हे ठीक. पण १,३५,२०,००० मधले स्वल्पविराम काढून मोकळ्या जागा ठेवल्या, आणि त्याही तीन-तीनच्या, तर एक कोटी पस्तीस लाख वीस हजार वाचताना मराठी माणसाची जीभ अडखळेल. लाख-कोटी बोलणाऱ्यांनी आपले स्वल्पविराम सोडू नयेत, या मताचा मी आहे.

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुले घरभाड्याच्या जाहिरातीत ‘१.२५०’ पाहतात ते साडेबाराशे युरो असतात, आणि दुधाच्या पुड्यावर ‘१,१९’ असते ते एक युरो एकोणीस सेंट. तिथल्या संगणकावर केलेली आकड्यांची फाइल इथे उघडली की रकाने कोलमडतात, कारण ज्या स्वल्पविरामाने आपण रकाने तोडतो तो तिथे आकड्यांच्या पोटात असतो. ते लोक रकाने अर्धविरामाने तोडतात. असल्या चुका निस्तरण्यात लोकांचे दिवस जातात.

आता घरी येऊ. इंग्रजी शाळेतून दशांश आला त्याआधी आपण अपूर्णांक कसे लिहीत होतो? चोपडीत रुपयांच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ५॥ म्हणजे साडेपाच. जुन्या मराठी पुस्तकांवर ‘किंमत १॥ रुपया’ असे छापलेले तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. पावाच्या आत पुन्हा चार भाग, म्हणजे आणे. ते लहान आडव्या-तिरक्या रेघांनी दाखवायचे. तीन रुपये अकरा आणे लिहायचे तर तीनाचा आकडा, त्यापुढे दोन उभ्या रेघा आणि तीन तिरक्या. दोन उभ्या म्हणजे आठ आणे, तीन तिरक्या म्हणजे तीन. कुठल्याच घरात तीनपेक्षा जास्त रेघा होत नाहीत. चौथी झाली की वरच्या घरात एक चढते. शाळेत आपण हातचा घेतो, तोच हा. एककाच्या उजवीकडची ही खरीखुरी स्थानमूल्य पद्धत आहे, फक्त दहाची नसून चाराची. उत्तर हिंदुस्थानातही थोड्या फरकाने हीच चाल होती, आणि २००९ मध्ये या रेघांना युनिकोडमध्ये जागा मिळाली.

या रेघांच्या जोडीला पाठांतर होते: पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. ज्याला औटकी येते त्याला साडेतीन रुपये वाराचे सात वार कापड किती रुपयांचे, हे कागद न घेता सांगता येते. साडेसाती म्हणजे तीन राशींत अडीच-अडीच वर्षे, हा हिशेबसुद्धा अडीचकीतलाच.

ही व्यवस्था मोडली ती शाळेने नाही, टांकसाळीने. नाणी दशमान करण्याचा कायदा १९५५ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी सोळा आणे, चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पै. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. सव्वाचे नाणे नाही, म्हणून सरकारी कोष्टकात एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५ असे भाव ठरले. एक-एक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर अठरा, एकदम घेतल्या तर एकोणीस. या एका पैशावरून दुकानादुकानांत वाद झाले नसते तरच नवल. १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो-ग्रॅम येऊ लागले. १ जून १९६४ ला पैशाचे ‘नवे’पण सरकारने काढून घेतले. ज्यांच्याकडून आपण ठिपका घेतला त्या इंग्रजांनी आपला पौंड-शिलिंग-पेन्स सोडला तो १५ फेब्रुवारी १९७१ ला, आपल्यानंतर चौदा वर्षांनी.

बोलण्यातून मात्र जुने गेले नाही. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ ला व्यवहारातून गेले, तोवर लोक त्याला चार आणेच म्हणत होते. वाटणीपत्रांत आठ आणे हिस्सा असतो. दुष्काळ ठरवताना सरकार पन्नास पैशांच्या आतली पैसेवारी पाहत असे, पण पारावर तिला आणेवारीच म्हणतात. यात मागासलेपण नाही. निम्मे आणि पाव डोळ्यांनी दिसतात. पंचवीस शतांश दिसत नाही.

आणि वाचायचे कसे? शाळा सांगते, ३.१४ म्हणजे तीन पूर्णांक चौदा शतांश. हा घाट फक्त आपला नाही. रशियन माणूसही तीन पूर्ण आणि चौदा शतांशच म्हणतो, हंगेरियनही. जर्मन म्हणतो तीन स्वल्पविराम एक चार. शाळेबाहेर आपण ‘तीन पॉइंट चौदा’ म्हणतो, आणि शिक्षकांची डोकेदुखी तिथून सुरू होते. ‘पूर्णांक-शतांश’ सुटले, ‘एक चार’ असे सुटे वाचणे आले नाही, आणि दोन्हींच्या मधले काहीतरी जिभेवर बसले. पाचवीच्या वर्गात ३.९ आणि ३.१४ यांतली मोठी संख्या कोणती असे विचारा, निम्मा वर्ग ३.१४ म्हणेल. चौदा नवापेक्षा मोठे नाहीत का! आणि साडेतीन रुपये म्हणून ३.५ लिहून दाखवा. तीन रुपये पाच पैसे असे वाचणारी मोठी माणसेही भेटतील. यात मुलांना बोल लावू नये. पैशाच्या रकान्यात ठिपक्यानंतरचा आकडा हा पैशांचाच आकडा असतो, दशांशाचा नव्हे. मूल बाजारात जे पाहते तेच वर्गात करते. मला विचाराल तर ठिपक्यानंतरचे आकडे सुटे वाचावेत, आणि छेद समजावताना तेवढे शतांश-सहस्रांश म्हणावे. दोन अंकी संख्या ‘वीस एक’ अशा वाचायच्या की नाहीत यावर २०१९ मध्ये बालभारतीच्या पुस्तकावरून एवढा धुरळा उडाला. दशांश वाचण्यावर कोणी चार ओळीही लिहिल्या नाहीत.

वैद्यकात हा प्रश्न परीक्षेच्या गुणांवर थांबत नाही. औषधाच्या चिठ्ठीत ‘.५’ लिहिले आणि ठिपका पुसट उमटला तर पाच होतात. ‘५.०’ लिहिले आणि ठिपका दिसला नाही तर पन्नास. म्हणून औषधसुरक्षेचे दोन नियम जगभर शिकवले जातात: एकापेक्षा लहान संख्येआधी शून्य लिहायचेच, आणि पूर्ण संख्येनंतर ठिपका-शून्य कधीच लिहायचे नाही. एका ठिपक्यावर दहापट डोस अवलंबून असतो.

आता शेवटचा मुद्दा. मराठी लिहिण्यात ठिपका आणखी बऱ्याच कामांना लागलेला आहे. हिंदीने वाक्याच्या शेवटी दंड ठेवला. आपण गद्यात इंग्रजीचा पूर्णविराम घेतला. वर्तमानपत्रात ‘सायंकाळी ६.३०’ असते, तिथे ठिपका साठाचा. क्रिकेटमध्ये १९.४ षटके असतात, तिथे तो सहाचा; धावगती काढताना ज्याने १९.४ ने भागले तो फसला. ठिपका एवढेच सांगतो की इथे मोठे एकक संपले आणि लहान सुरू झाले. ते लहान एकक मोठ्याचा कितवा भाग आहे, हे ठिपका सांगत नाही. ते आपल्याला ठाऊक असावे लागते.

आणि याची सर्वांत जास्त किंमत मोजावी लागते ती जमिनीत. सातबारा काढून पाहा. क्षेत्राच्या रकान्यात ‘१.२०.५०’ असे लिहिलेले असते. दोन ठिपके! एक हेक्टर, वीस आर, पन्नास चौरस मीटर. कुठलाही संगणक याला संख्या मानणार नाही. पण हेक्टराचे शंभर आर आणि आरचे शंभर चौरस मीटर, म्हणून इथे दुसरा ठिपका नुसता खोडला तरी १.२०५० हेक्टर हे उत्तर अगदी बरोबर येते. एकर-गुंठ्यांत तसे चालत नाही. एकराचे गुंठे चाळीस. बोलीत आणि कच्च्या कागदावर लोक ‘२.२० एकर’ लिहितात, ते दोन एकर वीस गुंठे असतात, म्हणजे अडीच एकर. तोच आकडा कोणी दशांश समजून वाचला तर दोन एकर आठ गुंठे. फरक बारा गुंठ्यांचा, तेरा हजार अडुसष्ट चौरस फुटांचा. इसारपावती करताना, वाटणी करताना, बँकेचा अर्ज भरताना ठिपका देऊ नका. ‘दोन एकर वीस गुंठे’ असे अक्षरी लिहा आणि हेक्टर-आर शेजारी मांडा. वकील आणि तलाठी मंडळी सभागृहात बसलेली दिसतात. प्रश्नोत्तरांत त्यांच्याकडून ऐकायला मला आवडेल की असे किती कज्जे त्यांच्या टेबलावर येतात.